नमूचं वजन आणि सोजराबाईंचं जातं

कच्च!

रविवारची दुपार होती. हल्ली आमच्या घरात जेवताना बोलायची बंदी होती. घास बत्तीस वेळा चावावा आणि चावताना चित्त घासावर ठेवावं, असं महिला मंडळातल्या व्याख्यानात सांगितलं होतं. त्यामुळे आम्ही तिघं पाटावर बसून, एकमेकांकडे न बघता, रवंथ करत होतो. त्या शांततेत तो आवाज झाला आणि यांचं तोंड होतं तिथेच थांबलं.

मी वर बघितलं नाही. नियम होता.

यांनी जिभेने आत काहीतरी शोधलं, दोन बोटांनी बाहेर काढलं आणि ताटाच्या कडेला मिठाशेजारी ठेवलं. एक काळा खडा. मग पुन्हा शोधलं आणि त्याच्या शेजारी काहीतरी पांढरं ठेवलं. ती यांच्या दाढेची कपची होती.

"हे काय आहे?" यांनी विचारलं.

"कुठलं?"

"पांढरं माझं आहे. काळं विचारतोय."

"जीवनसत्त्व," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

ते जीवनसत्त्व आमच्या घरात कसं आलं ते आता सांगून टाकते. नमू झोपली आहे आणि शेगडीवर डाळ आहे. दोघींपैकी कुणीतरी उतू जाईपर्यंतचा वेळ माझा.

सगळं सुरू झालं कारखान्याच्या दवाखान्यातल्या काट्यावर. आमचा हा पिंपरीचा औषधांचा कारखाना नवा, वसाहत नवी, दवाखानाही नवा, आणि तो काटा तर इतका नवा की खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. त्यावर नमूला उभं केलं की काटा नुसता शहारल्यासारखा करायचा आणि पुन्हा मागे यायचा. चार वर्षांची पोर, पण हात असे की बांगड्या कोपरापर्यंत वर चढायच्या. दवाखान्यातल्या दुर्गाबाई नर्स, मनाने चांगल्या, पण बोलणं सुईसारखंच. त्या म्हणाल्या, "संक्रांतीनंतर पुन्हा आणा. वजन हललं नाही तर सुया सुरू करू. रोज एक."

नमूने माझ्या पदरात तोंड खुपसलं. वाटेत मी तिला कडेवर घेतलं तर माझ्या कमरेला मुलाचा भार असा लागेचना. जशी रिकामी पिशवी घेऊन चालले होते. ती कानाशी म्हणाली, "आई, सुई नको." मी म्हणाले, "नाही टोचू देणार." आईने असं म्हटलं की ते खरं करायची जबाबदारी देवावर नसते, आईवरच असते.

त्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळात आहारावर व्याख्यान झालं. मंडळाच्या अध्यक्षा कुसुमताई, म्हणजे मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांनी पुण्याहून एक निसर्गोपचारवाले गृहस्थ बोलावले होते. त्यांचं म्हणणं असं, की आपण जे खातो त्यात काही नसतं आणि जे टाकतो त्यातच सगळं असतं. सालीत असतं, देठात असतं, कोंड्यात असतं, भाताच्या पेजेत असतं. शिवाय यात वाण्याचं बिलही निम्म्यावर येतं. आरोग्य आणि काटकसर एकाच पिशवीत! मला भरूनच आलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे दुधीच्या सालीची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी आणि फ्लॉवरच्या दांड्यांचं सूप सुरू झालं. आमच्या केराच्या टोपलीत आता खरोखरच फक्त केर असायचा. एकदा लोणच्यावर बुरशी आली तेव्हा मात्र मी यांनाच विचारलं. हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत असतात आणि तिथे बुरशी पगार देऊन वाढवतात. तिच्यातूनच औषध निघतं म्हणे.

"टाकू का ठेवू?"

"ती बुरशी वेगळी."

"कशावरून?"

हे बराच वेळ बरणीकडे बघत राहिले. शास्त्रज्ञ माणूस; खात्री नसताना बोलत नाहीत. मग स्वतःच उठून ओतून आले.

पण व्याख्यानातलं मुख्य सूत्र वेगळं होतं. विजेच्या गिरणीत पीठ तापतं आणि त्यातला जीव जळतो. जात्यावरचं पीठ म्हणजे जिवंत पीठ! ऐकताक्षणी मला कळलं की नमू का वाढत नाही. आम्ही तिला जळकं पीठ खायला घालत होतो. बिचारी अर्धी पोळी खाऊन उठायची आणि मी तिलाच रागवायची.

तेव्हा जातं आणायचं ठरलं.

वसाहतीच्या कुंपणापलीकडे जुन्या गावाची शेतं लागतात. तिथे सोजराबाईंचं घर. आमच्या सगळ्या चाळीला त्यांच्या म्हशींचं दूध येतं. त्यांच्या अंगणात एक जातं उलटंपालटं पडलेलं मी पाहिलं होतं. एका पेडावर, म्हणजे जात्याच्या एका दगडावर, कोंबड्यांचं पाणी ठेवलेलं होतं आणि दुसऱ्याला रेडकू बांधलेलं. मी भीतभीत विचारलं, "सोजराबाई, हे विकणार का?"

सोजराबाईंनी हातातलं शेण तसंच ठेवून माझ्याकडे बघितलं. "इकायचं? अगं बाय, उचलून न्हेशील तर मीच तुला काय तरी दीन. माजं दोन्ही खांदं त्येनं खाल्लं. बाजारात गिरण झाली तवा म्या आदी देवाला नारळ फोडला, मंग डबा धाडला. शालन, आगं ये शालन! हिकडं ये, बग, ह्या बायला जातं पायजे!"

त्यांची सून शालनबाई ओट्यावर आली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी दोघींना जिवंत पिठाचं सगळं समजावून सांगितलं. सोजराबाईंनी मन लावून ऐकलं.

"व्हय का? आमी आपलं इतकी वर्सं जित्तं पीठ खाऊन मरायला टेकलो व्हतो, त्ये ठावंच न्हाई," त्या म्हणाल्या. मग नमूकडे बघून एकदम मऊ झाल्या. "पोरगी लई बारीक हाय गं. तू दळशील तवा तिला धाडत जा हिकडं. रेडकासंगं खेळंल. तेवडीच तुला दळायला सवड."

पैसे काही त्यांनी घेतले नाहीत. उलट त्यांच्या मुलाने, भैरूने, जातं गाडीत घालून चाळीपर्यंत आणून दिलं आणि दोन जिने चढवताना जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. मंडळात हे वाचायला मागतील.

जातं अजून स्वयंपाकघरात सरकायचं होतं, तोवर समोरच्या अंबूबाई बाहेर आल्या. "अहो, असं कोरडं आणायचं नसतं! नवं जातं घरात घेताना पुजायला हवं." आमच्याकडे असं काही करतात का ते मला माहीत नव्हतं, पण पूजेला नाही कोण म्हणणार? अंबूबाईंनी स्वतःच हळद-कुंकू लावलं, जात्याच्या खुंट्याला पिवळ्या दोऱ्याने हळकुंड-सुपारी बांधली, आंब्याची डहाळी खोवली आणि लागलीच मुलाबाळांना घेऊन आळंदीला भावाकडे गेल्या. जातं त्या दिवशी सज्ज्यातच राहिलं. आत घ्यायला माणूस मिळाला नाही.

आता, हळकुंड आणि डहाळी बांधलेलं जातं दारात दिसलं की आपल्या माणसाला एकच गोष्ट सुचते. घरात लग्न निघालं! सगळी वसाहत आपापल्या परीने हिशेब करू लागली. घरात माणसं किती? नवरा, बायको आणि चार वर्षांची मुलगी. मुलीचं तर आता कायद्याने होत नाही. बायकोचं झालेलंच आहे. उरलं कोण?

संध्याकाळी हे घरी आले ते लाल होऊन. प्रयोगशाळेतल्या लोकांनी यांना चहा पाजला होता आणि कुणी काही बोलत नव्हतं, नुसते पाठीवर थोपटत होते. खालच्या मजल्यावरचे उद्धवराव, मराठवाड्यातले, पॅकिंगमध्ये आहेत, त्यांनी तर यांना जिन्यात बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, तुम्ही शिकलेले मानसं. आता कायदा झालाय बघा, एकच बायको. वहिनीचं काय चुकायलं असंल तर समजावून सांगा की. जरा दळायला-बिळायला शिकल."

मी रात्री नमूच्या अंगावर हात टाकून पडले होते आणि मला आधी हसू येत होतं आणि मग येईनासं झालं. एकच मुलगी आणि तीही अशी बारीक, म्हणून हे दुसरी करणार असं लोकांना खरं वाटलं होतं. कुणी बोललं नव्हतं, पण मला ऐकू आलं.

दोन दिवसांनी अंबूबाई परतल्या त्या थेट माझ्या गळ्यात पडल्या. "मी तुमच्या बाजूने आहे हो! काही लागलं तर अर्ध्या रात्री दार वाजवा."

"अंबूबाई, हळकुंड तुम्हीच बांधलंत ना?"

त्यांनी डोळे पुसले, जात्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगबाई, हो की! पण बसमध्ये सगळे इतकं खात्रीने सांगत होते!"

तर असं ते जातं एकदाचं आत आलं आणि पहाटे मी दळायला बसले. जात्यावर ओव्या म्हणतात हे मला माहीत आहे, पण मला एकही येत नाही. शाळेत जे पाठ केलं ते पाढे. तेव्हा मी पाढे म्हणत दळू लागले. घरघर घरघर, सतरा एके सतरा. जातं फिरायला लागलं तसा यांचा दाढी करायचा आरसा भिंतीवर डोलायला लागला, मग मांडणीतल्या वाट्या. आणि मग खालून छत काठीने ठोकल्याचा आवाज आला.

उद्धवराव रात्रपाळी करून नुकतेच आडवे झाले होते. ते वर आले, दारात उभे राहिले. डोळे तांबारलेले.

"वहिनी, गहू दळायलाव का डोंगर फोडायलाव?"

"पोरीच्या तब्येतीसाठी आहे हो, भाऊजी."

पोरीचं नाव काढल्यावर ते वरमले. जाता जाता म्हणाले, "दळा मग. पन सतरा सत्ते एकशे एकोनीस. तुम्ही एकशे सतरा म्हनलात. तितंच झोप मोडली माझी."

मी वेळ बदलली. सकाळी रात्रपाळीवाले झोपतात, म्हणून दुपार धरली; तर दुपारी पहाटपाळीवाले येऊन झोपतात. संध्याकाळ धरली तर शेजारी मुलांचा अभ्यास. ज्या गावात कारखाना तीन पाळ्यांत चालतो तिथे चोवीस तास कुणी ना कुणी झोपलेलंच असतं, हा शोध मला जात्याने लावून दिला. शेवटी कुणीतरी वसाहतीच्या ऑफिसात कळवलं आणि मला बोलावणं आलं.

तिथले कारकून लक्ष्मणराव. टेबलावर काच, काचेखाली देवाचं चित्र, देवाखाली नियम. त्यांनी नियम काढला. "क्वार्टरमध्ये विनापरवाना यंत्र बसवता येत नाही."

"जातं हे यंत्र नव्हे."

"फिरतं ना?"

"फिरतं."

"आवाज करतं?"

"करतं."

"मग मला सांगा, ताई, यंत्र आणखी काय करतं?" आणि त्यांनी परवान्याचा कागद पुढे ओढला. "बरं. किती अश्वशक्तीचं?"

"अहो, ते मी फिरवते. हाताने."

लक्ष्मणरावांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, अगदी सरकारी नजरेने. "रकाना मोकळा सोडता येत नाही. पाव लिहू का?"

माझा इतका अपमान नणंदेनेसुद्धा कधी केला नव्हता. "अर्धी लिहा," मी म्हणाले.

परवाना मिळाला, पण अट अशी की पाळी बदलताना कारखान्याचा भोंगा होतो त्या सुमारासच दळायचं. तेव्हा निम्मे लोक उठलेले असतात आणि निम्मे अजून झोपलेले नसतात. तेव्हापासून भोंगा झाला की कामगार सायकलींवर बसायचे आणि मी जात्यावर. नमू धावत सोजराबाईंकडे जायची. मी बघायची, कुंपणाच्या तारेतून ती वाकून पलीकडे जाते आहे, फ्रॉक तारेला अडकला की सोडवते आहे. आधी वाटायचं, पोर आपल्यापासून लांब. मग वाटायचं, तिच्याचसाठी तर आहे.

एक अडचण राहिली होती. जातं झिजून गुळगुळीत झालं होतं आणि पिठाऐवजी भरडा पडायचा. एक दिवस रस्त्यावर "टाकी लावायची का, जात्याला टाकीऽऽ" अशी हाक आली. पाथरवटीण वर आली, छिन्नी-हातोडीने तिने दोन्ही पेडांना टाके पाडले. जाताना म्हणाली, "पयलं दळण टाकून द्या, बाई. जनावराला घाला." मी मान हलवली आणि ती गेल्यावर गहू टाकला. सालं, देठं आणि कोंडा जपणारी बाई, ती अख्खं दळण टाकून देईल? मी ते चाळणीने दोनदा चाळलं आणि पोळ्या केल्या.

कच्च! इथपर्यंत आपण आलो होतो.

यांनी दाढेची कपची कागदात बांधून खिशात ठेवली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "नमूला तरी ही पोळी नको."

पण खरा चमत्कार तर तिथेच होता! जी नमू अर्ध्या पोळीवर अडायची, ती जातं आल्यापासून पोळीची सुरळी करून हातात घ्यायची आणि म्हणायची, "मी सोजराआजीकडे बसून खाते." थोड्या वेळाने तारेतून परत यायची ती हात मोकळे. "संपली?" "संपली. अजून एक दे." अजून एक! मला वाटायचं, जात्याला मिठी मारावी. त्या दुपारी खड्याचा एवढा प्रकार झाला, तरी तिने आपली सुरळी उचललीच. मी तिला थांबवलं, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मला हवीच." मी यांच्याकडे बघितलं. शास्त्रापुढे यांनी हात टेकले.

हळूहळू तिच्या गालांना रंग आला. न्हाऊ घालताना बरगड्या मोजता येईनाशा झाल्या. एक दिवस बांगडी मनगटापाशीच थांबली आणि मी मोरीत बसून ती पुन्हा पुन्हा वर ढकलून बघितली, तेव्हा नमू ओरडली, "आई, दुखतं ना!" तिला कधी काही दुखलं म्हणून मला इतका आनंद झाला नव्हता.

माझे खांदे मात्र गेले. चोळायला तेल गरम करायची ते अंबूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "आरोग्य चांगलंच बाधलंय हो तुम्हाला." सोजराबाई दूध घालायला यायच्या, त्याही हसायच्या. "कसं हाय माजं जातं? तुला गावलं म्हून मी सुटले. आन् रेडकू बी सुटलं बग, काय अंग धरलंय त्येनं, नजर लागंल." मी म्हणायची, "असेल, हिवाळ्यात चारा चांगला असतो."

संक्रांत झाली. दवाखान्यात वजनाचा दिवस आला. कुसुमताई मंडळाच्या बायकांना घेऊन मुद्दाम हजर होत्या. मी नमूचं बोट धरलं होतं आणि ते घामेजलं होतं. घाम तिचा होता की माझा कळत नव्हतं. दुर्गाबाईंच्या टेबलावर सुया उकळायचं भांडं होतं. नमूने ते बघितलं. "आई, तू सांगितलं होतंस ना?" "हो." "नक्की?" "नक्की," मी म्हणाले.

ती काट्यावर चढली. काटा शहारला, पुढे गेला, आणखी पुढे गेला आणि तिथेच राहिला.

दुर्गाबाईंनी पुन्हा बघितलं. चप्पल काढायला लावली, पुन्हा बघितलं. "अहो, पोरीला काय घालता काय? कसली सुई अन् कसलं काय, घेऊन जा!"

मला वाटलं, तिथेच खाली बसून रडावं. पण कुसुमताईंनी मला पुढे ओढलं. "सांगा, सगळ्यांना सांगा!" मग मी सांगितलं. उभी राहून, दुखऱ्या खांद्यांसकट. जिवंत पीठ, कोंडा, गिरणीची उष्णता, जात्याचा गारवा. दळण स्वतः दळलं की आईची माया त्यात उतरते, असंही म्हणाले. ते व्याख्यानात नव्हतं, मला तेव्हाच सुचलं. दोघींनी डोळे टिपले. चौघींनी जातं कुठे मिळेल ते विचारलं. कुसुमताईंनी जाहीर केलं की आता वसाहतीत घरोघरी जाती आणायची. मागे उभे असलेले उद्धवराव "आरे देवा" असं म्हणाल्यासारखं मला वाटलं.

परत येताना उन्हं कलली होती. नमू काही चालेना, म्हणून मी तिला कडेवर घेतलं. आणि आता कमरेला भार लागला. चांगला घसघशीत, खाली ओढणारा भार. मी तो मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेला, कुंपणाकडेने, सोजराबाईंच्या घरावरून.

"आई, मी जड झाले?"

"झालीस की."

"कशाने?"

"आपल्या जात्याच्या पिठाने, बाळा. ते पीठ खाल्लं की माणूस जड होतं."

पलीकडे अंगणात ते रेडकू उभं होतं. काळंभोर, तुकतुकीत, पाठ अशी की हात ठेवला तर घसरेल. आम्हाला बघताच ते दाव्याला ओढ देऊन कुंपणाकडे आलं आणि नमूच्या हाताला हुंगायला लागलं, बोटं चाटायला लागलं, काहीतरी रोजचं मागितल्यासारखं. ओट्यावर शालनबाई दूध-भाकरी कुस्करलेली वाटी घेऊन उभी होती. "नमे, आज उशीर केलास गं! भाकर गार झाली," ती म्हणाली. तिच्या मागे गिरणीतून आलेला पिठाचा डबा अजून दारातच होता.

नमूने रेडकाच्या कपाळावर हात फिरवला, माझ्याकडे वळली आणि अगदी काळजीने विचारलं,

"आई, मग आपण याला कधी काट्यावर उभं करायचं?"